किटोच्या जुन्या शहरात आईबाबांना न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय 68, बाबांचं 73, बाबांना रक्तदाबाची गोळी चालू. तिघं गालापागोस बेटांवर निघालात आणि त्याआधी इक्वाडोरची राजधानी किटो इथे दोन रात्री मिळताहेत. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की तिथलं जुनं शहर म्हणजे नुसता चढउतार, पाकीटमार आणि एकामागून एक चर्च. त्यापेक्षा हॉटेलात आराम करा. मग जावं की नाही?

जावं. गेली चौदा वर्षं मी लहान गट घेऊन दक्षिण अमेरिकेत जाते. माझ्या गटांत निम्म्याहून जास्त मंडळी साठीच्या पुढची असतात. किटोचं जुनं शहर मी आजवर एकदाही कार्यक्रमातून काढलेलं नाही. पण तुमची काळजी खोटी आहे असंही म्हणणार नाही. मुंबईहून निघून, दोन-तीन विमानं बदलून, तीस तासांच्या आसपास प्रवास करून आलेली दोन ज्येष्ठ माणसं थेट 2850 मीटरवर उतरणार आहेत. म्हणून तुम्ही ठरवायचं ते इतकंच की पहिली रात्र कुठे झोपायचं, फिरायला कुठल्या टोकापासून सुरुवात करायची आणि किती वाजता थांबायचं. हे तीन निर्णय नीट झाले की शहर सोपं आहे.

आधी उंचीचं बोलू. कळसूबाई 1646 मीटर. बद्रीनाथ साधारण 3100. म्हणजे किटो बद्रीनाथपेक्षा थोडंसंच खाली. फरक असा की बद्रीनाथला आपण ऋषिकेश, जोशीमठ असे मुक्काम करत गाडीने चढतो आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. इथे विमान एका झटक्यात वर आणून सोडतं. या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास तीस टक्क्यांनी कमी असतो. पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप तुटणं, दोन जिने चढले तरी धाप लागणं, हे ठणठणीत माणसालाही होतं आणि बहुतेकांचं एक-दोन दिवसांत बरं होतं. मात्र डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट पाहायची नाही. डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचं.

इथे बरंच काही बाबांच्या तब्येतीवर अवलंबून आहे. नुसता रक्तदाब असेल आणि तो गोळीने आटोक्यात असेल, तर माझ्या गटातले असे बरेच जण आरामात फिरून आले आहेत. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर मी काय सांगते त्याला किंमत नाही; तुमच्या डॉक्टरांना ‘2850 मीटर’ हा आकडा सांगून विचारा. उंचीचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळीही परस्पर सुरू करू नका. काहींना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत तिचा मेळ बसतो का, हे डॉक्टरच सांगू शकतील.

पहिल्या रात्रीसाठी एक सोय मुद्दाम सांगते, कारण ती फार कुणी सांगत नाही. किटोचा विमानतळ 2013 मध्ये शहरातून हलवून टाबाबेलाला नेला. तो साधारण 2400 मीटरवर, म्हणजे शहरापेक्षा साडेचारशे मीटर खाली आहे. त्या बाजूला, टाबाबेला आणि पुएम्बोच्या परिसरात, बागा असलेली शांत हॉटेलं आहेत. पहिली रात्र तिथेच काढा. झोपेचा फरक सकाळी चेहऱ्यावर दिसतो. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून शहरात जायला तास-सव्वातास लागेल, रहदारी असली तर थोडा जास्त. गालापागोसचं विमान भल्या सकाळचं असेल तर दुसरी रात्रही तिथेच काढा. दुपारचं असेल तर मात्र एक रात्र जुन्या शहरात राहण्याजोगी आहे, रात्री दिव्यांत उजळलेले चौक बघायला.

आता चढाचं. सुरुवातीच्या एका सहलीत माझ्याकडून चूक झाली होती. गटाला आधी मोठ्या चौकात नेलं आणि तिथून चालतच वरच्या बाजूच्या बॅसिलिकाकडे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चकडे, निघाले. नकाशात सात-आठ गल्ल्या दिसत होत्या. पाचव्या गल्लीत एक काका भिंतीला टेकून उभे राहिले. ओठ पांढरट, कपाळाला गार घाम. समोरच्या दुकानातली बाई प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन धावत आली. त्यांना बसवलं, आतून गरम पाण्यात उकळलेल्या पाल्याचा पेला आणला आणि मला हाताने खूण करून सांगितलं, हळू, हळू. वीस मिनिटांत काका सावरले. पण त्या दिवशी मला कळलं की किटोत अंतर गल्ल्या मोजून धरायचं नाही, चढ बघून धरायचं. तेव्हापासून मी नेहमी वरून खाली येते.

तुम्हीही तसंच करा. सकाळी नऊच्या सुमारास टॅक्सीने थेट बॅसिलिका देल वोतो नासिओनालच्या दाराशी उतरा. ही 19व्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेली गॉथिक धाटणीची इमारत आहे. तिच्या मनोऱ्यांवर चढायला अरुंद, उभ्या शिड्या आहेत. आईबाबांनी तो नाद करू नये. बघण्यासारखं बाहेरूनच दिसतं. युरोपातल्या अशा चर्चच्या भिंतींतून राक्षसांची तोंडं बाहेर आलेली असतात. इथे त्यांच्या जागी इग्वाना, कासवं, आर्मडिलो असे त्या देशातले प्राणी आहेत. दोन दिवसांनी गालापागोसला जी कासवं समोर चालताना दिसणार, ती इथे दगडात आधी भेटतात. आईंना एक-एक प्राणी ओळखायला लावा, मानेला जरा रग लागेल इतकंच.

तिथून व्हेनेसुएला नावाच्या रस्त्याने उताराला लागायचं की थेट प्लासा ग्रांदे, म्हणजे मोठ्या चौकात पोचता. फुटपाथ अरुंद आहेत, दगड काही ठिकाणी गुळगुळीत झालेत, म्हणून रबरी तळाचे बूट हवेत. गुडघे दुखत असतील तर उतारही जाचतो. तसं असेल तर हा टप्पाही टॅक्सीनेच करा, त्यात काही गमावत नाही.

चौकात पोचल्यावर अर्धा तास बाकावर बसा. हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा कारोंदेलेत राजवाडा, त्याच्या जोत्यात चक्क छोटी दुकानं; दुसरीकडे कॅथेड्रल; मध्ये स्वातंत्र्याचं स्मारक. त्याच्या पायथ्याशी जखमी सिंह दिसेल, तो म्हणजे स्पेन. 10 ऑगस्ट 1809 ला इथल्या लोकांनी स्पॅनिश सत्ता झुगारून स्वतःचं सरकार जाहीर केलं. ते टिकलं नाही. पुढच्याच वर्षी, 2 ऑगस्ट 1810 ला, कैदेत असलेल्या नेत्यांची चौकाजवळच्या बराकीत कत्तल झाली. खरं स्वातंत्र्य आलं ते 24 मे 1822 ला, शहरामागच्या पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावरच्या लढाईनंतर. ती जिंकणारा सेनापती सुक्रे या कॅथेड्रलमध्येच चिरविश्रांती घेतोय आणि तुम्ही ज्या विमानतळावर उतरलात त्यालाही त्याचंच नाव आहे. बाबांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे बाकावर बसूनच सांगा आणि तो डोंगर तिथूनच दाखवा.

‘चर्च बघून कंटाळा येईल’ या भीतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुन्या शहरात चर्च आणि मठ कितीतरी आहेत, तुम्ही आतून दोनच बघा. ला कोंपानिया आणि सान फ्रान्सिस्को. बाकीची बाहेरून पुरेत.

ला कोंपानिया चौकापासून अगदी जवळ, गार्सिया मोरेनो रस्त्यावर. जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी 1605 मध्ये ते बांधायला घेतलं आणि पुरं व्हायला 160 वर्षं लागली. त्याच 1605 साली जुन्या गोव्यातल्या जेझुइटांच्याच बॉम जीझस बॅसिलिकाचा पवित्रीकरणाचा सोहळा झाला होता. गोव्याला जाऊन आलेल्या माणसाला म्हणूनच इथे ओळखीचं काहीतरी जाणवतं: तीच सोन्याची वेदी, तेच पीळ दिलेले खांब. फक्त गोव्यात सोनं वेदीपुरतं आहे, इथे ते भिंती, कमानी, छत सगळीकडे चढलंय. लाकडावर आणि गिलाव्यावर सोन्याचा वर्ख बसवलाय. निरखून बघितलंत तर त्या नक्षीत ताऱ्यांची, एकात एक गुंतलेली भौमितिक जाळी दिसेल. ही स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरांची परंपरा, जी स्पॅनिशांसोबत समुद्र ओलांडून आली. आत शिरलं की दारालगत एक मोठं चित्र आहे, नरकाचं. प्रत्येक पापाला वेगळी शिक्षा आणि शेजारी त्या पापाचं नाव लिहिलेलं. आपल्याकडच्या यमयातनांच्या तसबिरी पाहिलेल्या आई त्या चित्रासमोर थबकतील, याची मला खात्री आहे. आणखी एक गंमत: दाराच्या एका अंगाला गोल जिना आहे आणि समोरच्या अंगाला तसाच दुसरा. त्यातला एक खरा आहे, दुसरा नुसता रंगवलेला, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. बाबांना आधी सांगू नका.

सान फ्रान्सिस्को तिथून दोन-तीन गल्ल्यांवर. थोडा चढ आहे, सावकाश जा. समोरचा उतरता, दगडी, उघडा चौक हा माझ्या दृष्टीने शहराचा खरा प्राण. स्पॅनिशांनी 6 डिसेंबर 1534 ला हे शहर वसवलं ते इंकांच्या वस्तीच्या जागी. इंकांचा सेनापती रुमिन्यावी याने शहर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आधीच जाळून टाकलं होतं. मठ उभारणारा पाद्री होदोको रिके हा फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा. या मुलखात पहिला गहू त्यानेच पेरला असं सांगतात. पण दगड वाहणारे, घडवणारे हात स्थानिक आदिवासींचे होते. त्यांची आठवण एका दंतकथेत उरली आहे. कांतुन्या नावाच्या आदिवासी गवंड्याने चर्चसमोरचं प्रांगण वेळेत पुरं व्हावं म्हणून सैतानाशी करार केला, बदल्यात आत्मा देऊ केला. पहाटे काम झालं, पण एक दगड कमी निघाला. करार मोडला, कांतुन्या सुटला. प्रांगणाच्या पायऱ्यांवर बसून ही गोष्ट सांगितली की गटातली सगळी मंडळी तो एक दगड शोधायला लागतात.

आत मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दा याने 1734 मध्ये घडवलेली किटोची कुमारी मेरी आहे. तिला पंख आहेत, पायाखाली सर्प आहे आणि अंगाला असा झोक दिलाय की ती नाचते आहे असं वाटावं. मागे एक आजी तिच्यासमोर हात जोडून हळूच म्हणाल्या, “ही तर कालियामर्दन करतेय.” लेगार्दासारखे मिश्र वंशाचे आणि कास्पिकारासारखे आदिवासी कलाकार इथल्या कार्यशाळांत शिकले आणि त्यांनी युरोपीय देवतांना आपला चेहरामोहरा दिला. त्या परंपरेला किटोची शैली म्हणतात. 1978 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यात जगभरातली बारा ठिकाणं होती आणि किटो त्यांतलं एक. त्यामागे फक्त जुनी घरं नाहीत, हे मिसळणंही आहे.

एव्हाना साडेबारा वाजले असतील. जेवा आणि थांबा.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ एवढं म्हणून भागत नाही. तिथे कार्ने म्हणजे बहुधा गाईडुकराचं मांस. कोंबडी त्यात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगायचं: मांस, कोंबडी, मासे नको. वर सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का तेही विचारायचं. लोक्रो दे पापा हे बटाटा आणि चीजचं दाट सूप, वर ॲव्होकॅडोची फोड. थंड दुपारी आईबाबांना नक्की रुचेल. उकडलेलं कणीस आणि ताजं चीज, मक्याच्या पानात वाफवलेल्या उमिता हेही पोटाला हलकं. यापिंगाचो म्हणजे बटाट्याचे पॅटिस, पण ते पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, तेव्हा विचारून घ्या. रस्त्यावर कोनात गुलाबी आइस्क्रीमसारखं दिसतं ते एस्पुमिया. ते पेरूच्या गराचं असतं, पण फेस अंड्याच्या पांढऱ्याचा, तोही कच्चा. अंडं न खाणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं. आणि त्या फळाला आपण ‘पेरू’ म्हणतो, हे शेजारच्या देशाचं नाव आपल्या तोंडात कसं आलं, त्यावर गप्पा रंगतात. बटाटा, मका, मिरची, टोमॅटो, सीताफळ ही सगळी अमेरिका खंडांतून पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांनी आपल्याकडे आली. आईंना मंडईत न्या, त्यांना ओळखीचं इतकं दिसेल की भाषा लागणार नाही.

मंडईचं निघालंच आहे तर सांगते. सान फ्रान्सिस्को मंडईत काही बायका लिंपिया करतात. खाजखुजलीसारखा पाला, सताप आणि सुवासिक पाल्याच्या जुड्या अंगावरून झाडतात, काही जणी अंडं उतरवतात. बाळाला घेऊन आलेली आई, परीक्षेला निघालेला मुलगा, असे लोक रांगेत असतात. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढलेल्या कुणालाही हे काय चाललंय ते समजावून द्यावं लागत नाही. बघायचं असेल तर लांबून, फोटो न काढता.

सुरक्षिततेबद्दल मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. इक्वाडोरची स्थिती गेल्या काही वर्षांत बिघडली आहे. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे जानेवारी 2024 मध्ये सरकारने देशांतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला. सर्वाधिक झळ किनाऱ्याकडच्या भागांना बसली आहे. तुमचं गालापागोसचं विमान किनाऱ्याकडच्या ग्वायाकिल शहरात थांबत असेल, तर विमानतळाबाहेर पडायची गरज नाही. निघण्याच्या आठवड्यात भारत सरकारच्या सूचना आणि तुमच्या हॉटेलचं मत, दोन्ही घ्या. परिस्थिती तेव्हा तंग असेल तर जुनं शहर सोडून द्यायला मी स्वतः सांगेन. एरवी जुन्या शहरात दिवसा धोका असतो तो फोन आणि पाकिटाचा. कुणी अंगावर काहीतरी सांडतो, दुसरा पुसायला धावतो, तिसरा खिसा रिकामा करतो. काही सांडलं तर थांबू नका, थेट जवळच्या दुकानात शिरा. फोन रस्त्यात हातात नको, पिशवी पोटावर, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि त्याची प्रत जवळ. टॅक्सी रस्त्यावरची न घेता हॉटेलकडून किंवा ॲपवरून बोलवा.

पानेसियो टेकडीबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याच पंखवाल्या मेरीची ॲल्युमिनियमची प्रचंड मूर्ती 1975 मध्ये तिथे उभी राहिली आणि जुन्या शहरातून ती सतत दिसते. नकाशात पायऱ्या दिसतात. त्या वाटेने पायी जाऊ नका, वाटमारी होते. जेवणानंतर आकाश मोकळं असेल आणि बाबांना बरं वाटत असेल, तर टॅक्सीने जा, टॅक्सी थांबवून ठेवा, वीस मिनिटं शहर वरून बघा आणि परत या. उंची 3000 मीटर आहे. केबल कारने जवळपास चार हजार मीटरवर नेणारा तेलेफेरिको मात्र या वेळी नको, कितीही आग्रह झाला तरी.

म्हणजे तुमचा दिवस असा: नऊला बॅसिलिका, उताराने चौक, बाकावर अर्धा तास, कोंपानिया, सान फ्रान्सिस्को, जेवण, जमलं तर टॅक्सीने पानेसियो आणि तीनच्या आत हॉटेल. तीनची मर्यादा पावसासाठीही आहे. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत पाऊस बहुधा दुपारी येतो. सकाळी ऊन पडलेलं असलं तरी छत्री आणि एक स्वेटर घ्या. विषुववृत्ताजवळचं, त्यात इतक्या उंचीवरचं ऊन गार हवेमुळे जाणवत नाही, पण अर्ध्या तासात कातडी भाजते. टोपी आणि सनस्क्रीन दोघांनाही. चलन 2000 सालापासून अमेरिकी डॉलर आहे. पन्नास आणि शंभरच्या नोटा लहान दुकानदार घेत नाहीत, म्हणून भारतातूनच एक, पाच, दहाच्या नोटा न्या. डिसेंबर 2023 पासून मेट्रो सुरू आहे, सान फ्रान्सिस्को चौकातच स्टेशन आहे, स्वच्छ आहे. बॅसिलिकापर्यंत मात्र ती नेत नाही, त्यामुळे तुमच्या कार्यक्रमात टॅक्सीच बरी.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण ती आजच करायला हवी. इक्वाडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात; नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे तारीख मिळायला वेळ लागतो. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून आईबाबांच्या बाबतीत लस द्यायची की वैद्यकीय कारणाने सूट घ्यायची, हे डॉक्टरांशी समोरासमोर बोलून ठरवा. तिकिटाच्या आधी हे व्हायला हवं होतं, आता उशीर करू नका.

गालापागोसला निघताना किटोच्या विमानतळावरच बॅगा तपासतात. ताजी फळं, बिया, रोपं तिथे काढून घेतात. आईंनी घरून आणलेले लाडू, मेतकूट, लोणचं असेल तर लपवू नका, तपासणीत उघडून दाखवा. आणि जुन्या शहरातून एक पुडी जरूर घ्या: कोलासिओनेस. दाणे घालून टांगलेली मोठी कढई कोळशावर हातांनी झुलवत, वर साखरेचा पाक थोडाथोडा सोडत, त्याचे पांढरे खडबडीत गोळे करतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा परातीत तीळ घोळवत संक्रांतीचा हलवा करणारी माझी आजी आठवली होती. तुमच्या आईंना ती कढई दाखवा. दुकानदार हरकत घेत नाही आणि दारातच बसायला बाकडं असतं.